हैदरनाईकाचे पथक

इतिहासाच्या ग्रंथांत सेनापतींना जागा असते आणि कधीमधी एखाद्या शूर शिपायालाही असते. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला पथकाचा नायक मात्र ग्रंथकारांच्या नजरेतून बहुधा निसटतो. शेदोनशे माणसे आणि पन्नाससाठ घोडी यांचा धनी असलेला हा मनुष्य सकाळी उठून काय करीत असे, त्याला पगार कोठून मिळे, माणसे तो कशी मिळवी आणि मिळविलेली कशी टिकवी, या गोष्टी बखरकारांना सांगण्याजोग्या वाटल्या नाहीत. ज्याला त्याला ठाऊक असलेले कोण कशाला लिहून ठेवील? परिणाम असा, की लढाया आपणांस तारीखवार ठाऊक असतात, परंतु त्या लढणाऱ्या तुकड्या दोन लढायांमधल्या दिवसांत कशा जगत होत्या याविषयी आपण अंधारात असतो.

म्हैसूरच्या इतिहासात मात्र एका पथकनायकाची हकीकत पुष्कळ तपशिलाने उरली आहे. ती उरली याचे कारण उघड आहे: तो नायक पुढे राज्याचा स्वामी झाला. नोकरीच्या निमित्ताने म्हैसुरात राहणारे किंवा सुट्टीत तेथे जाणारे आपले लोक राजवाडा पाहतात, चामुंडीची टेकडी चढतात आणि नऊदहा मैलांवरच्या श्रीरंगपट्टणास जाऊन दर्या दौलतीच्या भिंतींवरील चित्रे पाहून परततात. त्या भिंतींवर हैदर हत्तीघोड्यांच्या लव्याजम्यासह मिरवतो आहे. १७४९ साली त्याच्यापाशी होते ते पन्नास स्वार आणि दोनशे प्यादे. मला येथे बोलावयाचे आहे ते त्या पन्नास स्वारांच्या आणि दोनशे प्याद्यांच्या हैदराविषयी, आणि ओघानेच त्याच्या मराठी कारकुनाविषयी.

त्या काळी म्हैसूरच्या गादीवर दुसरे कृष्णराज वोडेयर होते, पण सत्ता दळवाई देवराज आणि त्याचा भाऊ सर्वाधिकारी नंजराज या दोघांच्या हाती होती. १७४९ मध्ये नंजराजाने देवनहळ्ळीच्या किल्ल्याला वेढा घातला. हा वेढा नऊ महिने चालला. हैदराचा वडील भाऊ शहाबाज म्हैसूरच्या चाकरीत होता; हैदर स्वतः तोवर, सत्ताविशीच्या घरात येऊनही, कोणाचा चाकर नव्हता. शिकार आणि भटकंती यांत त्याचे दिवस जात. वेढ्यात तो भावाच्या तुकडीबरोबर स्वेच्छेने आला आणि धाडसाच्या प्रत्येक कामात पुढे दिसू लागला. किल्ला पडल्यावर नंजराजाने त्याला पन्नास स्वार व दोनशे प्यादे यांची सरदारी दिली, किल्ल्याच्या एका दरवाज्याची राखण सोपविली आणि पथक वाढविण्याचीही मुभा दिली.

या शेवटच्या मुभेत सारे इंगित आहे. आजच्या सैन्यात कंपनीच्या अधिकाऱ्याला माणसे मिळतात ती सरकारातून. त्यांचा पगार, कपडालत्ता, हत्यार, औषधपाणी सारे सरकारचे. अठराव्या शतकातील दक्षिणेत तसे नव्हते. पथक म्हणजे नायकाचे अर्धे कर्तव्य आणि अर्धा व्यापार होता. सरकार त्याला माणशी आणि घोड्यामागे ठरावीक रक्कम देई, तीही पुष्कळदा महिनोन्‌महिने थकलेली. त्यात त्याने माणसे गोळा करावी, घोडी घ्यावी, ती मेली तर दुसरी आणावी आणि मोजणीच्या दिवशी सारी उभी करून दाखवावी. ज्याचे घोडे स्वतःचे तो शिलेदार. ज्याला घोडे दुसऱ्याने दिले तो बारगीर. नायकाच्या स्वतःच्या मालकीची घोडी जितकी अधिक तितका त्याचा नफा अधिक, कारण सरकारी नेमणूक आणि प्रत्यक्ष खर्च यांमधला फरक त्याचा. पुढे दिंडिगलच्या कामगिरीवर निघताना हैदरापाशी पंधराशे स्वार होते, त्यांपैकी पाचशे घोडी त्याच्या खासगी मालकीची होती. हे एवढे एक वाक्य वाचले तरी मधल्या सहा वर्षांत त्याने काय केले याचा अंदाज येतो.

अशा नायकाचा दिवस कसा जात असेल याची कल्पना करणे कठीण नाही. पहाटे घोड्यांच्या रांगेवरून फेरी. कोणते घोडे लंगडते आहे, कोणाची पाठ जिनाने सोलली आहे, कोणाचा नाल गेला आहे, हे पाहण्याचे काम नालबंदावर सोपवून भागत नसे. मग दाणावैरणीची विवंचना. या प्रांतात घोड्याला चंदी देत ती कुळथाची. कुळीथ महाग झाला, किंवा बंजाऱ्यांचे तांडे वेळेवर आले नाहीत, की घोडी दोन आठवड्यांत हाडे दाखवू लागत आणि बारगीर कुरकुरू लागत. त्यानंतर तक्रारी: कोणाचे कर्ज, कोणाची मारामारी, कोण रात्री पळाला आणि पळताना कोणाचे तट्टू घेऊन गेला. दरवाज्यावरील पहारे बदलावयाचे, आल्यागेल्याची चौकशी करावयाची, जासुदाकडून बातमी घ्यावयाची. संध्याकाळी पैशाचा विचार. लढाई या साऱ्यात वर्षातून चारसहा दिवस. बाकीचे दिवस पथक मोडू न देणे हीच लढाई.

हैदराला लिहितावाचता येत नव्हते. पुढे राज्यकर्ता झाल्यावर सही म्हणून तो आपल्या नावाचे आद्याक्षर काढू लागला, तेही उलटे. पण तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तरीही पथक वाढू लागले तसा लेखणीवाला हवा झाला आणि तो त्याला खंडेराव नावाच्या मराठी ब्राह्मणाच्या रूपाने मिळाला. खंडेरावाचे मूळ गाव, घराणे, शिक्षण यांत शिरण्याचे येथे कारण नाही. त्याची ओळख त्याच्या कामातच आहे. कारकून म्हणून तो हैदराच्या चाकरीत आला आणि थोड्याच काळात त्या पथकाची खरी दौलत त्याच्या वह्यांत जमा होऊ लागली.

कर्नल विल्क्सने ही सारी व्यवस्था वर्णिली आहे. विल्क्स १८०३ ते १८०८ या काळात म्हैसूरला इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि त्याचा इतिहास १८१० ते १८१७ या वर्षांत प्रसिद्ध झाला. तो सांगतो ते असे. हैदराने बेडर लोक भरती केले, ज्यांना आपण बेरड म्हणतो, शिवाय पेंढारी. त्यांना थोडा दरमहा असे आणि जे लुटून आणतील त्यातील अर्धे हैदराला द्यावे, अर्धे स्वतः ठेवावे असा करार असे. लूट म्हणजे शत्रूचीच असली पाहिजे असा नियम नव्हता. धान्याच्या तांड्यापासून वाटसरूच्या अंगावरील कपड्यापर्यंत, बायकांच्या कानांतील दागिन्यांपर्यंत काहीही वर्ज्य नव्हते; मित्राच्या छावणीतून संशय न येता काही उचलता आले तर तेही चाले. आणि या सर्व उत्पन्नावर खंडेरावाने अशी काही जमाखर्चाची कडी बसविली होती, की एकाही शिपायाला एखादी वस्तू लपविणे जवळजवळ अशक्य व्हावे. दरोड्यालाही खतावणी लागते, हे त्या कारकुनाने दाखवून दिले.

येथे सभासदाच्या बखरीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पाच हवालदारांवर एक जुमलेदार असे. म्हणजे जुमलेदार हा सव्वाशे स्वारांचा नायक, आजच्या भाषेत कंपनीचा अधिकारी. त्याला पाचशे होन तैनात आणि पालखी. त्याच्या शेजारी मुजुमदार नेमलेला असे, आणि हा मुजुमदार जुमलेदाराचा चाकर नव्हता, सरकारचा होता. लष्कर मुलूखगिरीला निघताना प्रत्येकाजवळच्या वस्तूंची याद होई, परत आल्यावर झाडा घेतला जाई आणि अधिक निघेल ते सरकारात जमा होई. खंडेरावाची पद्धत आणि ही पद्धत यांत वह्यांच्या मांडणीचा फरक फारसा नसेल. फरक होता तो वही कोणाच्या बाजूची, यात. एकीकडे लेखणी नायकावर नजर ठेवीत होती; दुसरीकडे ती नायकाच्या कमरेला होती. म्हैसूरच्या दळवाईंनी हैदराला पथक दिले, दरवाजा दिला, वाढीची परवानगी दिली. पण त्याच्या शेजारी आपला मुजुमदार बसविला नाही. माझ्या मते राज्य त्या दिवशीच अर्धे गेले.

१७५० च्या डिसेंबरात जिंजीजवळ निजाम नासिरजंग स्वतःच्याच छावणीत मारला गेला. म्हैसूरची तुकडी त्याच्या मदतीला होती आणि तीत हैदरही होता. त्या गोंधळात त्याच्या बेरडांनी सोन्याच्या नाण्यांनी लादलेले दोन उंट बाजूला काढले आणि गुपचूप देवनहळ्ळीला पोचविले. पथक वाढले ते या उंटांवर. पुढे त्रिचनापल्लीच्या मोहिमेत, म्हणजे १७५२ पासूनच्या तीन वर्षांत, नंजराजाने महंमदअलीच्या वचनावर विसंबून म्हैसूरचा खजिना रिता केला. मुरारराव घोरपड्यांनाही त्याने पैसे मोजले आणि हाती त्रिचनापल्ली आली नाही ती नाहीच. धनी कर्जात बुडाला. त्याचा नायक मात्र त्याच मोहिमेतून श्रीमंत होऊन परतला. १७५५ मध्ये हैदराला दिंडिगलचा फौजदार नेमले तेव्हा त्याच्याबरोबर वर सांगितलेल्या पंधराशे स्वारांशिवाय तीन हजार कवायती प्यादे, दोन हजार साधे प्यादे आणि चार तोफा होत्या.

दिंडिगलची एक गोष्ट विल्क्सने दिली आहे, ती पथकनायकाच्या धंद्यावर जितका प्रकाश टाकते तितका दहा लढायांची वर्णने टाकणार नाहीत. एका चकमकीनंतर हैदराने विजयाचे वृत्त आणि जखमींची भलीमोठी संख्या राजधानीला कळविली. जखमी शिपायाला बरे होईपर्यंत जखमपट्टी मिळे. तिचा दर सरासरी दरमहा चौदा रुपये धरलेला होता. तपासणीसाठी सरकारी अधिकारी आला. खरे जखमी सदुसष्ट होते. हैदराने सुमारे सातशे माणसे हळदीत भिजवलेल्या पिवळ्या पट्ट्या हातापायांना गुंडाळून ओळीने निजविली. अधिकाऱ्याने पाहिले, मोजले, रक्कम मंजूर केली. खऱ्या जखमींना हैदराने सात सात रुपये दिले. आकडे मांडून पाहावे: सातशेंचे चौदाप्रमाणे दरमहा नऊ हजार आठशे, सदुसष्टांना सातप्रमाणे दिले चारशे एकोणसत्तर, शिल्लक नऊ हजार तीनशे एकतीस. याच धर्तीवर फौजेची मोजणीही झाली. मोजलेली माणसे मागून फिरून पुन्हा रांगेत येत आणि दहा हजारांचे अठरा हजार होत. या चक्राकार हजेरीत खंडेरावाची हुशारी कामी आली असे विल्क्स म्हणतो.

ही गोष्ट खरी मानावी काय? विल्क्स जेत्यांच्या बाजूचा होता आणि हैदराला लुच्चा ठरविण्यात त्याच्या सरकारचा फायदा होता, हे विसरून चालणार नाही. घटना घडून अर्धशतक लोटल्यावर त्याने ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकली. तथापि मला ती साफ बनावट वाटत नाही. बनावट गोष्टीत आकडे गोल असतात. सदुसष्ट हा आकडा कोणा तरी कारकुनाच्या स्मरणातून आलेला दिसतो. शिवाय हा काही एकट्या हैदराचा शोध नव्हे. खोटी हजेरी लावून मेलेल्या शिपायांचा पगार खाणे हा त्या शतकातील पृथ्वीवरच्या बहुतेक सैन्यांचा रोग होता. विल्क्सच्या स्वतःच्या देशात पायदळाच्या व घोडदळाच्या अधिकाऱ्यांच्या जागा विकत घ्याव्या लागत. पैसे मोजून कॅप्टनकी घेतलेला मनुष्य कंपनीकडे मिळकत म्हणून पाहणार नाही तर काय? ती विक्री इंग्रजांनी बंद केली ती १८७१ मध्ये. आपल्याकडेही पेशवाईच्या उत्तरार्धात सरदारांच्या गणतीत ऐनवेळी भाड्याची तट्टे उभी राहत असत, हे सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. हैदराचे वैशिष्ट्य लबाडीत नव्हते. या मार्गाने मिळविलेला पैसा इतर नायकांनी हवेल्यांत आणि नाचरंगांत घातला. त्याने तो पुन्हा घोड्यांत आणि बंदुकांत घातला. त्या सदुसष्ट माणसांना सातच रुपये मिळाले, हे मात्र कोणत्याही वैशिष्ट्याखाली झाकता येत नाही. शिवकालात अफजलखानाच्या प्रसंगानंतर जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत दिल्याचे सभासद लिहितो. जखम पाहून! दिंडिगलला जखम पाहिली गेली ती फक्त वहीसाठी.

१७५७ मध्ये नानासाहेब पेशवे श्रीरंगपट्टणावर आले आणि बत्तीस लाखांवर तह झाला. रोख व जवाहीर मिळून थोडेच जमले; बाकीसाठी मुलूख गहाण पडला. फौजेचे पगार थकले ते थकलेच. १७५८ साली शिपायांनी नंजराजाच्या दाराशी धरणे धरले आणि वाड्यात अन्नपाणी जाऊ देईनात. तेव्हा हैदर आणि खंडेराव मध्यस्थ म्हणून पुढे आले. सरकारी हत्ती, घोडे, जे काही होते ते वाटून थकबाकी भागविण्यात आली. आणि प्रत्येकाच्या मागणीचा हिशेब खंडेरावाने इतका बारकाईने तपासला, की खोटी हजेरी लावणाऱ्यांचे पितळ उघडे पडले. खोटी हजेरी कशी लावतात हे त्याच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? धरणे उठल्यावर म्होरक्यांची मालमत्ता जप्त झाली. शिपायांना पगार देणारा तो धनी, हा त्या काळचा कायदा. त्या दिवसापासून म्हैसूरची फौज हैदराला धनी मानू लागली. पुढल्या वर्षी गोपाळराव पटवर्धनांशी झुंज देऊन त्याने तह घडवून आणला, तेव्हा दरबारात त्याला ‘फत्ते हैदर बहादूर’ हा किताब मिळाला.

मग खंडेराव उलटला. १७६० मध्ये नंजराजाला बाजूला सारण्यात राजघराण्याने हैदराचे साहाय्य घेतले आणि खंडेराव प्रधान झाला. पण राजघराण्याला लवकरच दिसले, की एक धनी जाऊन दुसरा आला आहे. राजमातेने खंडेरावाशी संधान बांधले. खंडेरावाने विसाजीपंत बिनीवाल्यांच्या मराठी फौजेशी बोलणे लावले. हैदराची बहुतेक फौज तेव्हा फ्रेंचांच्या मदतीसाठी पाँडिचेरीकडे गेलेली होती. १२ ऑगस्टला सकाळी किल्ल्याच्या तटावरून हैदराच्या छावणीवर तोफा सुटल्या, आणि त्या खंडेरावाच्या हुकमाने सुटल्या आहेत हे कळल्यावर हैदराचा प्रथम विश्वासच बसेना. त्या रात्री बायकामुले, त्यांत नऊदहा वर्षांचा टिपू, मागे टाकून मूठभर स्वारांनिशी तो निसटला आणि सुमारे शंभर मैलांची दौड करून बंगळुरास पोचला. अकरा वर्षांत मिळविलेले सर्व गेले आणि पुन्हा तो देवनहळ्ळीच्या दिवसांइतकाच पथकनायक उरला.

खंडेरावाने हे का केले? स्वामिद्रोह म्हणावा, तर त्याचा स्वामी कोण हा प्रश्न येतो. तो मीठ खात होता हैदराचे, पण प्रधानपदाची शपथ वोडेयरांची होती. दुसऱ्याच्या राज्यात नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांपुढे हा पेच पुष्कळदा आला आहे, आणि प्रत्येकाने तो आपापल्या परीने सोडविला आहे. कोणी महत्त्वाकांक्षा म्हणतील. माझी समजूत अशी, की नायकाच्या खाजगी वहीचा कारकून म्हणून अकरा वर्षे काढल्यावर खंडेरावाला एकदा राज्याची वही लिहावयाची होती. तसे असेल तर त्याला दोष देणे मला जड जाते; जरी त्याने बोलाविलेली मराठी फौज म्हैसूरच्या हिताची होती असे कोणी म्हणणार नाही.

विसाजीपंतांना पैसा आणि बारामहाल देऊ करून हैदराने परत लाविले. उत्तरेत पानिपताचे ढग जमत होते, त्यामुळे त्यांनाही घाई होती. १७६१ च्या आरंभी नंजनगुडजवळ खंडेरावाने हैदराचा समोरासमोरच्या लढाईत पराभव केला. लेखणीवाल्याने तलवारवाल्याला उघड्या मैदानात हरविले, हे आपल्या इतिहासकारांनी पुरेसे नोंदविलेले नाही. त्यानंतर हैदर नंजराजाच्या दारी दीन होऊन गेला, त्याची समजूत काढली आणि त्याच्या शिक्क्याची पत्रे खंडेरावाच्या सरदारांच्या नावे लिहवून घेतली: ठरल्याप्रमाणे खंडेरावाला धरून द्यावे, म्हणजे कबूल केलेले बक्षीस मिळेल. असे काही ठरलेले नव्हतेच. पत्रे सरदारांच्या हाती पडावी असाही हेतू नव्हता. ती खंडेरावाच्या हाती पडतील अशीच योजना होती. तशी ती पडली. आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे कागद ओळखणारा मनुष्य या कागदांना भुलला आणि फौज सोडून श्रीरंगपट्टणाकडे पळाला. बिनसेनापतीच्या फौजेवर हैदराने मागून घाला घातला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात राजाने शरणागती पत्करली. राजवाड्यातील स्त्रियांनी खंडेरावासाठी रदबदली केली तेव्हा हैदर म्हणाला, मारीत तर नाहीच, पोपटासारखा सांभाळीन. शब्द त्याने अक्षरशः पाळला. खंडेरावाला लोखंडी पिंजऱ्यात घातले आणि मरेपर्यंत दूधभातावर ठेवले.

पिंजऱ्याबरोबर वही संपली नाही. हैदराच्या दप्तरात कानडीबरोबर मराठी हिशेब चालूच राहिले, आणि पूर्णय्या व कृष्णराव हे दोघे त्याच्या खजिन्याचे आधार झाले. टिपूच्या अमदानीत पथकनायकाचे स्वरूप बदलले. झैनुल अबिदीन शुस्तरी याने टिपूच्या आज्ञेने ‘फत्हुल मुजाहिदीन’ नावाचा लष्करी नियमांचा ग्रंथ फारसीत रचला. कवायतीचे इंग्रजी आणि फ्रेंच हुकूम जाऊन फारसी हुकूम आले. १७९३ च्या नियमांप्रमाणे कवायती पायदळाच्या पाच कचेऱ्या आणि सत्तावीस कुशून. कुशुनावर सिपाहदार, त्याखाली रिसालदार, आणि रिसाल्यातील कंपनीला म्हणत जौक, तिचा नायक तो जौकदार. त्याच्याखाली सरखेल, जमादार, दफेदार. एका कुशुनात एक हजार तीनशे ब्याण्णव माणसे, पैकी बंदुकवाले एक हजार छप्पन्न. जौकदाराला घोडे विकत घ्यावयाचे नव्हते, लुटीचा अर्धा हिस्सा घ्यावयाचा नव्हता, पथक वाढविण्याची मुभा तर मुळीच नव्हती. त्याने रांग सरळ ठेवावी, हुकूम फारसीत द्यावे आणि वेळेवर पगार घ्यावा. ज्या जिन्याने बाप वर चढला तो जिना मुलाने काढून टाकला, यात नवल काही नाही. चढलेल्याचा मुलगाच तो जिना नेमका ओळखतो.

७ डिसेंबर १७८२ रोजी चित्तूरजवळच्या छावणीत हैदर वारला तेव्हा टिपू दूर मलबारात होता. पूर्णय्या आणि कृष्णराव यांनी मृत्यू गुप्त ठेवला, कलेवर पेटीत घालून खजिना म्हणून कोलारकडे रवाना केले आणि टिपू येईपर्यंत फौज फुटू दिली नाही. कृष्णरावाला पुढे टिपूनेच ठार करविले. पूर्णय्या टिपूनंतरही राहिला, १८११ पर्यंत वोडेयरांचा दिवाण होता, आणि १८१२ मध्ये श्रीरंगपट्टणात आपल्या अंथरुणावर वारला.